स्क्रू फिरतो, पण धरत नाही!

कपाटाच्या दाराची बिजागरी सैल झाली, म्हणून आपण स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिचा स्क्रू आवळायला जातो. स्क्रू फिरतो, फिरतच राहतो. पण घट्ट काही होत नाही. बोटांनी ओढला तर तो अलगद हातात येतो आणि त्याच्याबरोबर चिमूटभर भुसाही खाली पडतो. सुतार अशा वेळी म्हणतो, "भोकातले आटे गेले." एवढ्याशा भोकामुळे दार लोंबकळू लागते, मग दुसऱ्या बिजागरीवर ताण येतो, तीही उखडते, आणि पाच-सहा वर्षे वापरलेले कपाट अडगळीत जाते. भंगारवालाही त्याला फारसा भाव देत नाही.

सुटे भाग खोक्यातून आणून घरी जोडायच्या फर्निचरमध्ये हा प्रकार हमखास आढळतो. अशा फर्निचरची कल्पना 1950 च्या दशकात स्वीडनमधील इकिया या कंपनीने लोकप्रिय केली. टेबलाचे पाय सुटे केले की ते चपट्या खोक्यात मावते, वाहतुकीला जागा कमी लागते आणि किंमतही उतरते. या कंपनीचे भारतातील पहिले दुकान 2018 साली हैदराबादेत आणि महाराष्ट्रातील पहिले 2020 साली नवी मुंबईत उघडले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे अशी कपाटे, संगणकाची टेबले आणि पुस्तकांची मांडणी मिळत होती. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेल्या, वरचेवर घर बदलणाऱ्या कुटुंबांना ती सोयीचीही वाटतात. मात्र दर वेळी कपाट सोडवायचे आणि पुन्हा जोडायचे म्हणजे दर वेळी त्याच भोकांत तेच स्क्रू पिळायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळी भोक दगा देते.

ते दगा का देते हे एकदा नीट समजले, की दुरुस्ती अवघड राहत नाही.

आटे धरतात म्हणजे काय?

साध्या यंत्रांच्या धड्यात आपण मळसूत्र शिकतो. उतरण एका दांड्याभोवती गुंडाळली की मळसूत्र होते. स्क्रूवरील उंचवट्यांना आटे म्हणतात आणि लगतच्या दोन आट्यांमधील अंतराला पिच म्हणतात. स्क्रू एक फेरा फिरला की तो एका पिचइतका आत जातो. जाता जाता त्याचे धारदार आटे लाकडात आपल्याच मापाची नागमोडी खाच पाडतात. स्क्रू बाहेर ओढला जातो तेव्हा त्याला अडवते ते या खाचेच्या दोन आट्यांमध्ये शिल्लक राहिलेले लाकूड. म्हणजे स्क्रूला खरे धरून ठेवतात ते लाकडाचे आटे! लोखंडाचे आटे सहसा शाबूत असतात. जातात ते लाकडाचे.

थोडे गणित करू. समजा, स्क्रूचा व्यास 4 मिलिमीटर आहे आणि तो फळीत 12 मिलिमीटर आत गेला आहे. लाकडाचे आटे तुटतात तेव्हा स्क्रूभोवतीचा एक नळकांड्यासारखा पृष्ठभाग कापला जातो. त्याचे क्षेत्रफळ 3.14 × 4 × 12, म्हणजे सुमारे 150 चौरस मिलिमीटर. टपालाच्या लहान तिकिटापेक्षाही ही जागा कमी आहे. दाराचा सगळा भरवसा अशा चार-सहा जागांवर असतो.

मोळी आणि चुरमुऱ्याची वडी

आता फळीकडे वळू. सागवानाच्या फळीत लांबच लांब तंतू एकमेकांना घट्ट चिकटून असतात. जणू काड्यांची करकचून बांधलेली मोळी. स्क्रू या तंतूंना आडवा शिरला, की ते थोडे वाकतात, बाजूला सरतात आणि स्प्रिंगसारखे स्क्रूवर दाब देत राहतात. शिवाय आट्यामध्ये अडकलेला तंतू दोन्ही बाजूंना दूरपर्यंत गेलेला असतो. तो उपटायचा तर ओढीने सोबतच्या तंतूंनाही हलवावे लागते.

जोडणीच्या फर्निचरची फळी बहुधा पार्टिकल बोर्डाची असते. लाकडाच्या बारीक कपच्या आणि भुसा घ्यायचा, त्यात युरिया-फॉर्माल्डिहाइडसारखे चिकट राळद्रव्य मिसळायचे आणि तापलेल्या पत्र्यांमध्ये प्रचंड दाबाखाली दाबायचे, की ही फळी तयार होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाकडाची टंचाई असताना जर्मनीत माक्स हिमेलहेबर यांच्यासारख्या संशोधकांनी हे तंत्र पुढे आणले. जे तुकडे एरवी चुलीत गेले असते त्यांची फळी झाली. आपल्या देशात उसाच्या चिपाडांपासूनही अशा फळ्या करतात. तेव्हा ही फळी म्हणजे फसवणूक, असे समजू नका. लाकूड वाचवणारा तो एक चांगला शोध आहे. पण तिचा स्वभाव वेगळा आहे, तो ओळखला पाहिजे.

गंमत अशी, की वजनात ही फळी सागवानाला हार जात नाही. सागवानाच्या एका घनमीटरचे वजन सुमारे 650 किलोग्रॅम भरते. पार्टिकल बोर्डाचे साधारण 600 ते 750 किलोग्रॅम. म्हणजे जड ते मजबूत, हा समज इथे चालत नाही. पार्टिकल बोर्ड चुरमुऱ्याच्या वडीसारखा असतो. गुळाने दाणे एकमेकांना धरून ठेवलेले असतात. पण काडी खुपसून हलवली की काडीजवळचे दाणे एकेक सुटून येतात. लांब तंतू नाहीत, त्यामुळे एका कपचीला दुसरीची साथ थोडीच मिळते.

आणखी एक गोष्ट. फळी दाबताना तिचे दोन्ही पृष्ठभाग जास्त घट्ट होतात आणि मधला गाभा भुसभुशीत राहतो. म्हणून फळीच्या सपाट बाजूत बसवलेला स्क्रू बरा धरतो. कडेत, म्हणजे थेट गाभ्यात बसवलेला स्क्रू कमी धरतो. तुमच्या घरचे कपाट नीट पाहा. बरेचसे निखळलेले स्क्रू कडेचेच आढळतील.

भोक बिघडते कशाने?

पहिले कारण आपला हात. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीचा व्यास 30 मिलिमीटर असेल तर एका फेऱ्यात मुठीचा कडेचा बिंदू सुमारे 94 मिलिमीटर जातो. तेवढ्यात स्क्रू पुढे सरकतो फक्त 1.8 मिलिमीटर. म्हणजे घर्षण नसते तर आपला जोर 52 पट झाला असता! घर्षणात त्याचा मोठा भाग खर्च होतो. पण पाचवा हिस्सा जरी उरला, तरी हाताच्या 5 किलोग्रॅमच्या जोराची स्क्रूपाशी 50 किलोग्रॅमहून अधिक ओढ होते. स्क्रूचे डोके बिजागरीला टेकले की स्क्रू पुढे जाऊ शकत नाही. तरीही आपण पिळत राहिलो, तर तो जॅकसारखे काम करतो आणि लाकडाचे आटे वर उचलून तोडतो. विजेवर चालणाऱ्या यंत्राने स्क्रू आवळताना तर हे क्षणात घडते, हाताला कळतही नाही.

दुसरे कारण तरफ. 40 सेंटिमीटर रुंदीचे दार पूर्ण उघडल्यावरही कोणी पुढे ढकलले, तर दाराची तरफ बनते. बिजागरी कपाटाच्या कडेला टेकते तो टेकू. मूठ टेकूपासून 38 सेंटिमीटर दूर आणि स्क्रू केवळ 2 सेंटिमीटर दूर. मुठीवर 5 किलोग्रॅमचा जोर लावला तर स्क्रूंवर येणारी ओढ 5 × 38 ÷ 2, म्हणजे 95 किलोग्रॅम! दोन बिजागऱ्यांचे मिळून चार स्क्रू असले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 24 किलोग्रॅम येतात. दाराला दप्तर अडकवणे आणि लहान भावंडाने दाराला लोंबकळणे किती महाग पडते, ते यावरून कळेल.

तिसरे कारण पाणी. पावसाळ्यात हवेतील दमटपणा वाढतो. लाकडाच्या कपच्या पाणी शोषून फुगतात. हिवाळ्यात नाशिकची हवा कोरडी होते आणि त्या आकसतात. सागवानही फुगते-आकसते, पण पार्टिकल बोर्डात फुगताना कपच्यांमधले राळेचे सांधेच सुटतात, आणि वाळल्यावर फळी पूर्वीच्या जाडीला परत येत नाही. फरशी पुसताना ज्या तळफळीला रोज पाणी लागते तिची भोके सर्वांत आधी का जातात, याचे उत्तर इथे आहे.

वाड्यातले सांधे

मग स्क्रूशिवाय लाकूड जोडता येते का? नाशिकच्या जुन्या वस्तीत त्याचे उत्तर उभे आहे. सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाडा किंवा गोदाकाठचे इतर जुने वाडे पाहा. खांब, तुळया, कडीपाट असा सगळा लाकडी सांगाडा. आज आपण वापरतो त्या टोकदार स्क्रूचे पेटंट अमेरिकेत 1846 साली घेतले गेले. वाडे बांधणाऱ्या सुतारांपाशी ते नव्हते. त्यांनी एका लाकडाच्या टोकाला कुसू काढले, दुसऱ्यात तेवढ्याच मापाची खाच कोरली, कुसू खाचेत बसवले आणि गरज असेल तिथे दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी ठोकली. जुन्या दारांना कित्येकदा बिजागरीही नसे. दाराच्याच लाकडाची वर-खाली काढलेली गोल टोके चौकटीच्या खाचांत फिरत.

या सांध्यांत भार ओढून धरायचा नसतो. एक लाकूड दुसऱ्यावर टेकते आणि भार दाबाने खाली जातो. खुंटीला सांधा फक्त सरकू द्यायचा नसतो. खुंटी तुटायची तर तिचे सारे तंतू आडवे कापले जावे लागतील, आणि ते अतिशय कठीण असते. असा सांधा सुटाही करता येतो. म्हणून वाडा उतरवला तरी त्याचे खांब आणि चौकटी पुन्हा दुसरीकडे उभ्या राहू शकतात. सुटे भाग जोडण्याची कल्पना आपल्याला तशी नवी नाही!

आपल्या कपाटाच्या दुरुस्तीचे सूत्रही यातच आहे. जिथले लाकूड गेले आहे, तिथे नुसता लोखंडाचा जोर वाढवून उपयोग नाही. तिथे पुन्हा लाकूड आणून बसवले पाहिजे.

दुरुस्ती कशी करावी?

आधी तपासणी. स्क्रू काढून त्याचे आटे पाहा. ते झिजले असतील तर स्क्रूच बदला. ते चांगले असून त्यांत भुसा भरला असेल, तर भोक गेले असे समजा. नंतर दाराखाली पुस्तके किंवा वीट ठेवून त्याचा भार काढून घ्या आणि भोकातला सुटा भुसा फुंकून किंवा ब्रशने साफ करा. डोळे सांभाळा.

भोक थोडेच सैल असेल तर काड्यांचा उपाय पुरतो. आगकाड्यांची गुले कापून टाका. त्यांत ज्वालाग्राही रसायन असते. उदबत्तीची मसाला नसलेली बांबूची काडी किंवा बांबूच्या टूथपिक्सही चालतील. भोकात लाकूड चिकटवण्याचा पांढरा गोंद, म्हणजे फेविकॉलसारखा, थोडा सोडा. तो गाभ्यातल्या सुट्या कपच्यांनाही बांधून घेतो. मग गोंदात बुडवलेल्या काड्या भोक गच्च होईपर्यंत बसवा. वर आलेली टोके कापा आणि 24 तास थांबा. पावसाळ्यात त्याहून जास्त. हा गोंद पाणी निघून गेल्यावरच घट्ट होतो, म्हणून घाई केली तर सारे श्रम वाया जातात. गोंदाशिवाय नुसत्या काड्या घातल्या तरी स्क्रू आवळल्यासारखा वाटतो. पण त्या काड्यांना भोकाच्या भिंतीशी बांधणारे काही नसते, आणि काही दिवसांत त्या स्क्रूसकट बाहेर येतात.

भोक बरेच मोठे झाले असेल तर वाड्यातल्या सुताराची खुंटी आठवा. 8 मिलिमीटर व्यासाची लाकडी खुंटी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. त्याच मापाच्या गिरमिटाने भोक 12 मिलिमीटर खोल करा. फळी 18 मिलिमीटरची असेल तर ती आरपार जाऊ नये म्हणून गिरमिटावर 12 मिलिमीटरच्या खुणेला चिकटपट्टी गुंडाळा. भोकाच्या भिंतीला आणि खुंटीला गोंद लावून ती हलकेच ठोका. विकतच्या खुंटीवर उभ्या खाचा असतात. त्या शोभेच्या नाहीत. द्रव पदार्थ दाबून आकसत नाही. खुंटी ठोकताना खाली अडकलेल्या गोंदाला वाट मिळाली नाही तर त्याच्या दाबाने फळीच फुटू शकते. खाचांतून तो वर येतो.

या उपायाने काय साधले? स्क्रूने खुंटीला धरले आणि खुंटीने फळीला. खुंटी फळीला चिकटलेली जागा 3.14 × 8 × 12, म्हणजे सुमारे 300 चौरस मिलिमीटर. आधीच्या दुप्पट! भुसभुशीत गाभ्यावरचा ताण निम्मा झाला.

गोंद वाळल्यावर खुंटीच्या बरोबर मध्यभागी 2.5 मिलिमीटरचे मार्गदर्शक भोक पाडा आणि मगच 4 मिलिमीटरचा स्क्रू घाला. मार्गदर्शक भोक नसेल तर स्क्रू पाचरीसारखा शिरून खुंटी चिरतो. डोके बिजागरीला टेकले आणि हाताला अडल्यासारखे वाटले, की थांबा.

फळी पाण्याने फुगून गाभ्याचा चुराच झाला असेल तर तो चुरा खरवडून काढा आणि फळी पूर्ण वाळवा. मग दोन भाग एकत्र करून वापरायचा इपॉक्सी लगदा भरा. तो वाळत नाही, तर दोन रसायनांच्या अभिक्रियेने कडक होतो. जिथे दोन्ही बाजू मोकळ्या आहेत तिथे आरपार बोल्ट आणि मोठा वॉशर हा सर्वांत भरवशाचा मार्ग. वॉशरमुळे तेच बल मोठ्या क्षेत्रफळावर पसरते आणि दाब कमी होतो.

हे मात्र टाळा

"त्यापेक्षा मोठा स्क्रू ठोकून द्या!" असा सल्ला हमखास मिळतो. लांब स्क्रू पलीकडच्या बाजूने बाहेर येऊन हात कापतो. जाड स्क्रू कडेत घातला तर फळी उभी चिरते, आणि चिरलेली फळी काड्यांनी किंवा खुंटीने सांधता येत नाही.

ज्या सांध्यावर माणसाचे वजन येते, जसे पलंग, बाक, शिडी किंवा झोपाळा, तिथे या घरगुती दुरुस्तीवर विसंबू नका, सुताराला बोलवा. उंच कपाट भिंतीला पट्टीने बांधलेले असू द्या. त्या पट्टीचे भोक सैल झाले असेल तर ती दुरुस्ती उद्यावर टाकू नका, कारण खणात पाय देऊन वर चढणारे मूल असे कपाट अंगावर ओढून घेऊ शकते. भोक पाडताना उडणारा भुसा नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला रुमाल बांधा.

सुटे केलेले कपाट पुन्हा जोडतानाची एक युक्ती लक्षात ठेवा. जुन्या भोकात स्क्रू ठेवून आधी तो उलटा, म्हणजे सैल करण्याच्या दिशेने, हलकेच फिरवा. एका ठिकाणी तो टक्कन किंचित खाली उतरल्याचे जाणवेल. तिथे जुनी खाच सुरू होते. आता सुलटा फिरवा. स्क्रू जुन्या वाटेने जाईल आणि नवी खाच पाडून जुने आटे मोडणार नाही.

वर्गात करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करता येईल. पार्टिकल बोर्डाच्या टाकाऊ तुकड्यात एकसारखी चार भोके पाडा. पहिले चांगलेच ठेवा. उरलेल्या तिन्हींत स्क्रू जास्त पिळून आटे मोडा. दुसऱ्यात नुसत्या काड्या भरा, तिसऱ्यात गोंद लावून काड्या भरा, चौथ्यात गोंद लावून खुंटी बसवा. दोन दिवस थांबा. मग चारही भोकांत एकाच मापाचे स्क्रू सारख्याच खोलीपर्यंत घाला. डोके थोडे वर राहू द्या.

तुकडा टेबलाच्या कडेला सी-क्लॅम्पने पक्का बसवा. स्क्रूच्या बाहेरच्या बाजूला, त्यापासून 10 सेंटिमीटरवर, वीट ठेवा. हा टेकू. विटेवर एक मजबूत लाकडी पट्टी आडवी ठेवा. तिचे आखूड टोक तारेने स्क्रूच्या डोक्याला बांधा आणि टेबलाबाहेर गेलेल्या लांब टोकाला, टेकूपासून 80 सेंटिमीटरवर, बादली टांगा. बादली जमिनीपासून चार बोटेच वर असू द्या, म्हणजे स्क्रू निसटला तरी ती आपटणार नाही. आता बादलीत अर्धा-अर्धा लिटर पाणी ओता. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलोग्रॅम, आणि तरफेमुळे स्क्रूवर ओढ त्याच्या 8 पट. बादलीचे वजनही मोजायला विसरू नका. कोणता स्क्रू किती भाराला सुटला ते वहीत लिहा. प्रत्येक प्रकार निदान तीन वेळा करून सरासरी काढा. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढणे बरे नव्हे.

जमल्यास सुटलेल्या चौथ्या स्क्रूकडे भिंग लावून बघा. स्क्रू खुंटीतून निघाला, की खुंटी फळीतून निघाली? खुंटी बाहेर आली असेल तर तिच्या अंगाला फळीच्या कपच्या चिकटल्या आहेत का? चिकटल्या असतील तर गोंद सुटलेला नाही, फळी तुटली आहे. अशा फळीसाठी खुंटी आणखी जाड हवी, की आणखी खोल हवी? क्षेत्रफळाचे सूत्र तुमच्याजवळ आहेच. उत्तर काढा, आणि मग शाळेतील जे कपाट दार निखळले म्हणून कोपऱ्यात पडून आहे, त्याच्यापासून सुरुवात करा.